मानमोडीला पुरून उरणारी नागली

नागलीच्या पिकावर येणाऱ्या रोगांत करपा सगळ्यांत घातक. हा बुरशीजन्य रोग रोपवाटिकेपासून कणीस पिकेपर्यंत पिकाचा पिच्छा सोडत नाही. कोवळ्या रोपाच्या पानांवर तो दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी अशा ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. पीक निसवल्यावर तो कणसाच्या खालच्या दांड्यावर उतरतो. कणसाखालचा दोन-चार इंचांचा भाग काळा पडतो, तिथून वर अन्नरस पोचत नाही आणि कणीस मान टाकते. या अवस्थेला मानमोडी म्हणतात. तिसऱ्या अवस्थेत कणसाची बोटेच टोकाकडून काळी पडत जातात. पानावरच्या करप्यातून पीक बऱ्याचदा सावरते, मानमोडीतून मात्र सावरत नाही. दाणे भरायच्या आतच दांडा मेला तर हाती पळींजच येते. नागलीतले सरासरी नुकसान एकचतुर्थांशाच्या आसपास धरले जाते; हवामान रोगाच्या बाजूने गेले, तर ते ८० ते ९० टक्क्यांपर्यंत गेल्याच्याही नोंदी आहेत.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या पेठ तालुक्यात या रोगाला महत्त्व येते, कारण इथल्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली हे मुख्य पीक आहे. खाचरात भात, उतारावर नागली, त्यानंतर वरई, मग खुरासणी किंवा उडीद आणि पुढे जमिनीला काही काळ विसावा, असा इथल्या शेतीचा जुना क्रम. कोकणा, महादेव कोळी आणि वारली घरांत नागलीची भाकर रोजची. धान्याला देवी मानून कणसरा मातेची पूजा या पट्ट्यात होते, ती या धान्यांमुळेच. नागलीचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ती वर्षानुवर्षे कीड न लागता टिकते, त्यामुळे अवर्षणाच्या सालासाठी घरात राखून ठेवता येते. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत.

पण पेठचे हवामान जसे नागलीला मानवते, तसेच करप्यालाही. पाऊस साधारण दोन हजार मिलिमीटरच्या घरात. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस ऊन पडत नाही, पाने रात्रभर ओली राहतात आणि तापमान पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास रेंगाळते. या बुरशीला यापेक्षा वेगळे काही लागत नाही. सप्टेंबरात पीक निसवत असताना झड लागली, की मानमोडी ठरलेली.

ही बुरशी म्हणजे मॅग्नापोर्थे, तिचेच दुसरे नाव पायरिक्युलेरिया. भारतात नागलीवर ती पहिल्यांदा नोंदवली गेली १९२० साली, तंजावरच्या त्रिभुज प्रदेशात; नोंद करणारे मॅक्रे हे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. भातावर करपा आणणारी बुरशी हिचीच सख्खी, पण भातावरचा वाण सहसा नागलीवर जगत नाही आणि नागलीवरचा भातावर. तिचे बीजाणू नाशपातीच्या आकाराचे, तीन कप्प्यांचे आणि डोळ्यांना न दिसणारे. वाऱ्याने उडालेला बीजाणू ओल्या पानावर चिकटतो, काही तासांत त्याला अंकुर फुटतो आणि अंकुराच्या टोकाशी एक काळी घुमटाकार पेशी तयार होते. या पेशीत पाणी शिरून दाब वाढत जातो, तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ८० पटींपर्यंत. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या चाळीसपट. या दाबाने पानाची कातडी भोकसून बुरशी आत शिरते. आठवड्याभरात तिथे ठिपका उमटतो आणि त्यातून हजारो नवे बीजाणू बाहेर पडतात. रोग बियाण्याबरोबर येतो, पिकाच्या अवशेषांत तग धरतो आणि बांधावरच्या काही गवतांवरही राहतो.

यावर बुरशीनाशके आहेत आणि ती कामही करतात. प्रश्न ती उतारावर, धो धो पावसात, पाठीवर पंप घेऊन कोण आणि किती वेळा फवारणार, हा आहे. मानमोडी रोखायची तर फवारणी निसवताना व्हायला हवी. त्याच दिवसांत पाऊस थांबत नाही. शिवाय नागली हे घरच्या खाण्याचे, कमी खर्चाचे पीक. त्यावर औषधाला पैसे घालणे बहुतेक शेतकऱ्यांना परवडत नाही, आणि परवडले तरी पटत नाही. म्हणून नागलीतल्या करप्यावर उपाय शोधणाऱ्यांचा भर सुरुवातीपासून रोगप्रतिकारक वाणांवर राहिला आहे. औषध बियाण्यातच असेल, तर ते पावसाने धुऊन जात नाही.

प्रतिकार म्हणजे नेमके काय, हे इथे स्पष्ट करायला हवे. काही झाडांत असा एखादा जनुक असतो, जो बुरशीचा विशिष्ट वाण आत शिरताच त्याला ओळखतो. मग लागण झालेल्या पेशी स्वतःहून मरतात आणि बुरशी तिथेच उपाशी राहते. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका उरतो, बस्स. हा प्रतिकार जबरदस्त, पण एकाच कुलपासारखा. बुरशीत थोडा बदल झाला की निकामी. दुसऱ्या प्रकारात पुष्कळ जनुक थोडाथोडा वाटा उचलतात. रोग येतो, पण सावकाश पसरतो आणि कणसापर्यंत पोचेतो दाणे भरून झालेले असतात. दिसायला हा प्रतिकार मवाळ, पण तो टिकतो. नागलीत आणखी एक गुंता आहे. पानावरच्या करप्याला दाद न देणारे झाड मानमोडीलाही दाद देणार नाही, याची खात्री नाही. मान आणि बोटे यांवरचा प्रतिकार मात्र बहुधा बरोबरीने चालतो. त्यामुळे रोपवाटिकेत हिरवीगार दिसलेली ओळ निवडून घेणाऱ्या पैदासकाराची सप्टेंबरात फसगत होऊ शकते.

हे गुण मिळवायचे कुठून? नागली मूळची पूर्व आफ्रिकेतली, इथिओपिया ते युगांडा या उंच पठारी पट्ट्यातली. तिथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ती माणसाच्या हाताखाली आली आणि पुढे समुद्रमार्गे भारतात पोचली. तिची रानटी बहीण आफ्रिकेत आजही शेताच्या कडेला उगवते आणि पिकाशी सहज संकरित होते. हजारो वर्षे नागली आणि बुरशी एकमेकींशी झुंजत राहिल्या त्या याच भूमीत, त्यामुळे प्रतिकाराचे प्रकारही तिथेच जास्त. भारतात आलेली नागली आखूड, भरपूर फुटव्यांची आणि लवकर येणारी झाली; आफ्रिकेतली जाड दांड्याची, लांब बोटांची, उशिरा पिकणारी आणि करप्याला अधिक सोसणारी राहिली.

भारतातल्या नागलीत वैविध्य नाही असे मात्र मुळीच नाही. पेठसारख्या भागात शेतकरी हळवी, निमगरवी आणि गरवी असे तीन वर्ग मानतात. हळवी उंच माळावर, जिथे पाणी थांबत नाही तिथे. गरवी खोल मातीत. हळवी निसवते तेव्हा पाऊस अजून कोसळत असतो, म्हणून मानमोडीचा तडाखा तिला जास्त. गरवी ऑक्टोबराच्या उंबरठ्यावर निसवते आणि बऱ्याचदा निसटते. हे निसटणे म्हणजे प्रतिकार नव्हे, आणि शास्त्रज्ञांनाही हा फरक करताना त्रास होतो: उशिरा फुलणारे झाड निरोगी दिसले, तर ते जात्याच चिवट की केवळ नशीबवान, हे एका हंगामात कळत नाही. घरच्या बियाण्यात दाण्याचा रंग, बोटांची लांबी आणि उंची यांत थोडीफार मिसळ असते. बियाणे कंपनीला ती दोष वाटेल. रोगाच्या साथीत मात्र ही मिसळच पीक वाचवते, कारण बुरशीला प्रत्येक झाड सारखे सापडत नाही.

आफ्रिकेतला गुण भारतीय नागलीत आणणे म्हणजे संकर करणे, आणि इथे नागली पैदासकाराची परीक्षा पाहते. कणसाला पाच ते आठ बोटे, प्रत्येक बोटावर दाटीने बसलेली इवली कणिशके आणि त्या प्रत्येकात चार-सहा फुले. फूल इतके बारीक की चिमट्याने त्यातले पुंकेसर काढायला भिंगही अपुरे पडते. फुले उमलतात पहाटेच्या अंधारात आणि उमलता उमलताच आपल्याच परागाने फळतात. परपरागीकरण शेकडा एकाच्या आसपास. भातात किंवा गव्हात जे काम कुशल हात दिवसभरात बरेच उरकतात, ते नागलीत जवळजवळ अशक्य.

यावर शोधलेल्या युक्त्या पाहण्यासारख्या आहेत. सगळ्यांत जुनी म्हणजे दोन कणसे एकत्र बांधण्याची. दोन्ही झाडे शेजारी वाढवायची, एकाच वेळी निसवतील अशी पेरणीची तारीख साधायची, मग आईचे आणि बापाचे कणीस बोटांत बोटे गुंतवून एका पिशवीत बांधून ठेवायचे. बहुतेक दाणे आईच्याच परागाचे होणार. चार-दोन परके निघाले तरी पुरे. ते ओळखायचे कसे? त्यासाठी बाप म्हणून पेरांवर जांभळट झाक असलेले झाड घेतात. जांभळा रंग प्रभावी असल्याने, हिरव्या आईच्या बियांतून उगवलेल्या शेकडो रोपांत एखादे जांभळे दिसले, की तो संकर. दुसऱ्या युक्तीत आईचे कणीस ५२ अंश तापमानाच्या पाण्यात दोन मिनिटे बुडवतात. एवढ्या उष्णतेने पराग मरतो, स्त्रीकेसर वाचतो. तिसरी आणखी साधी: कणसावर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची. आत दमटपणा साचतो, परागकोश फुटतच नाहीत, आणि सकाळी पिशवी काढून त्यावर दुसऱ्या झाडाचा पराग झाडायचा. प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रांपेक्षा नागलीची पैदास अशा हातच्या कसबावरच पुढे गेली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

हे कसब कामी लावून मोठा पल्ला गाठला तो कर्नाटकात मंड्याच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. एच. लक्ष्मणय्या यांनी. १९५० च्या दशकात त्यांनी भारतीय वाणांचे आपापसांत संकर करून अरुणा, उदया, पूर्णा, कावेरी असे वाण दिले. पुढे त्यांनी आफ्रिकेतून आलेल्या नागलीकडे मोर्चा वळवला. भारतीय आई आणि आफ्रिकी बाप यांच्या संततीतून जी मालिका निघाली, तिला ‘इंडाफ’ असे नाव पडले. इंडाफ वाणांनी कर्नाटकातले उत्पादन झपाट्याने वाढवले. करप्याच्या बाबतीत मात्र त्यांतले बरेच वाण पुरते यशस्वी झाले नाहीत; उत्पादनासाठी निवडताना रोगाकडे थोडे दुर्लक्ष झाले. ती उणीव भरून काढली बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या पुढच्या पिढीने. इंडाफ वाणांशी आयई १०१२ या प्रतिकारक वाणाचा संकर करून जीपीयू २८ तयार झाला आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो शेतकऱ्यांपर्यंत पोचला. मानमोडीला त्याने दीर्घकाळ दाद दिली नाही, म्हणून देशभरच्या चाचण्यांत आजही तो तुलनेसाठी पेरला जातो. त्याच आयई १०१२ आणि इंडाफ ५ यांच्या संकरातून एमएल ३६५ निघाला. २०१७ साली नागलीच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, तो याच वाणाचा.

आयई ही अक्षरे जनुकपेढीतल्या नोंदीची. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत नागलीचे सुमारे सहा हजार नमुने थंड कोठ्यांत ठेवलेले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडेही हजारो आहेत. सहा हजार नमुने दरवर्षी शेतात पेरून रोगासाठी तपासणे कोणालाच शक्य नाही. म्हणून आधी त्यांतून ६२२ नमुन्यांचा आणि पुढे ८० नमुन्यांचा निवडक संच केला गेला. संचात मूळ देश, उंची, फुलण्याचा काळ, दाण्याचा रंग या सगळ्या बाबतींतले वैविध्य राहील असे पाहिले.

तपासणीही नेमकी करावी लागते, कारण ज्या वर्षी रोगच आला नाही त्या वर्षी सगळेच वाण प्रतिकारक ठरतात. त्यासाठी दर काही ओळींनंतर व्हीआर ७०८ सारख्या हमखास बळी पडणाऱ्या वाणाची ओळ लावतात. बुरशी प्रयोगशाळेत वाढवतात, मिलिलिटरला सुमारे एक लाख बीजाणू होतील असे पाणी तयार करतात आणि पीक फुलोऱ्यात असताना ते फवारतात. मग तुषारांनी शेत ओले ठेवतात. म्हणजे पेठमध्ये सप्टेंबरात आपसूक जे होते, ते तिथे मुद्दाम घडवून आणतात. पाने, माना आणि बोटे यांची वेगवेगळी नोंद घेतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा तपासणीत त्या ८० नमुन्यांत तिन्ही अवस्थांना पुरून उरणारे नमुने सापडले, आणि ते एकाच देशातले नव्हते.

एका प्रतिकारक वाणावर विसंबून राहता येत नाही, कारण बुरशीही बदलते. पूर्व आफ्रिकेतल्या नागलीवर या बुरशीचे दोन्ही लिंगप्रकार एकाच भागात सापडतात. त्यांच्या मीलनातून नवे वाण निर्माण होऊ शकतात. रोगजंतू बदलत गेला की प्रतिकारक जनुकही बदलत राहावे लागतात, हे सूर्यफुलावरच्या केवडा रोगात दिसते. १९८० च्या दशकात मराठवाड्यात, लातूरच्या आसपास सूर्यफुलावर केवडा रोग पसरला. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने एलडीएमआरएसएच या नावाचे केवडा-प्रतिकारक संकरित वाण दिले. सूर्यफुलातले असे प्रतिकारक जनुक प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतल्या पन्नासेक रानटी जातींतून आले आहेत, आणि केवड्याचे नवे वाण उद्भवत गेल्याने जगभरचे पैदासकार एकामागून एक नवे जनुक वापरात आणत आले. सूर्यफुलाचे बियाणे दरवर्षी विकत घेतले जाते, त्यामुळे जुना वाण बदलून नवा आणणे तिथे सोपे. नागलीचे बियाणे घरचे. एकदा दिलेला वाण दहा-वीस वर्षे शेतात राहतो. म्हणून नागलीत एका जबर जनुकापेक्षा अनेक जनुकांचा सावकाश प्रतिकार जास्त कामाचा, हे मत पैदासकारांत बळावत चालले आहे. ते पटण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात नागलीवरचे काम मुख्यतः दापोली, कोल्हापूर आणि इगतपुरीच्या केंद्रांत झाले. दापोली १ आणि कोल्हापूरचा फुले नाचणी हे त्यांतले ओळखीचे वाण. राज्याच्या सीमेपलीकडे गुजरातच्या डांग जिल्ह्यात वघई येथे नवसारी कृषी विद्यापीठाचे डोंगरी भरडधान्य केंद्र आहे. तिथले ‘गुजरात नागली’ मालिकेतले वाण पेठसारख्याच पावसात आणि मातीत तावून निघालेले असतात. पेठच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बंगळूरचा वाण दूरचा. तिथला पाऊस पेठच्या निम्म्याहून कमी, जमीन सपाट आणि लाल. तिथे एकशेदहा दिवसांत डौलदार पिकणारा वाण पेठच्या उथळ उतारावर तसाच उतरेल असे नाही. प्रतिकार घ्यायचा तो तिथून, पण शरीर इथल्या नागलीचे ठेवायचे, असा संकर इथे हवा. संकर झाल्यावरही एकजिनसी ओळी मिळायला सहा-सात पिढ्या जातात, मग अनेक ठिकाणच्या चाचण्या. पहिल्या पिशवीपासून वाण प्रसारित होईपर्यंत दहा-बारा वर्षे सहज लागतात.

बाजारपेठेने यात नवा पेच टाकला आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नागलीच्या बिस्किटांना, पिठाला शहरात मागणी वाढली. नाशिकचे नागलीचे पापड तर आधीपासूनच प्रसिद्ध. शहरी गिऱ्हाइकाला पांढरी नागली आवडते, कारण पदार्थ काळपट दिसत नाही. पण गडद तपकिरी दाण्याच्या सालीत टॅनिन आणि इतर फिनॉलवर्गीय द्रव्ये जास्त असतात, आणि बुरशीला ती मानवत नाहीत. पांढऱ्या दाण्याचे वाण साधारणपणे करप्याला लवकर बळी पडतात. हे नाते अतूट नाही. मंड्याचा केएमआर ३४० हा पांढऱ्या दाण्याचा वाण करप्याला तोंड देतो. तरीही पेठच्या पावसात पांढरी नागली लावणाऱ्याने ती निदान उशिरा निसवणारी निवडावी आणि तपकिरी नागली घरासाठी लावत राहावी, हे शहाणपणाचे.

घरच्या बियाण्याला कायद्यानेही ओळख दिली आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला किंवा गावाला आपला पारंपरिक वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. पुढे एखाद्या पैदासकाराने त्यातला प्रतिकार वापरून नवा वाण काढला, तर लाभातला वाटा मागण्याचा हक्क या नोंदणीने मिळतो. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या जनुककोश प्रकल्पात स्थानिक पिकांच्या वाणांचा समावेश आहे. कायद्याखालच्या नोंदणीसाठी मात्र वाण वेगळा ओळखू येईल असा, एकसारखा आणि टिकून राहणारा असावा लागतो. मिसळीच्या बियाण्यातून असा वाण दाखवायचा, तर पिकलेल्या शेतातून रोग न लागलेली, एका धाटणीची कणसे खळ्यावर नेण्याआधी वेगळी खुडून, त्यांचे बियाणे निराळे राखावे लागते. कापणीच्या घाईत हे काम पेठमध्ये बहुधा घरातल्या बायकाच करतात.